एका घंटीला एक वाक्य

आमच्या घरात बोलायला बंदी नव्हती, फक्त घंटी होईपर्यंत थांबावं लागायचं.

बाबा टायपिस्ट होते. कॉलेजातल्या मुलांचे प्रबंध, वकिलांचे अर्ज, कुणाची तक्रार, कुणाची विनंती, सगळं ते घरीच बाहेरच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर बसून टाइप करायचे. कागदाखाली कार्बन, कार्बनखाली कागद, त्याखाली पुन्हा तेच. वर एक अक्षर चुकलं की खालच्या सगळ्या प्रतींवर चुकायचं. आणि चुकायचं ते बहुतेक आमच्यापैकी कुणीतरी मध्येच तोंड उघडल्यामुळे. म्हणून नियम होता. ओळ संपत आली की यंत्रातली घंटी 'टिंग' करायची. बाबा हातातला शब्द पुरा करायचे, डावा हात उचलून दांडी उजवीकडे ढकलायचे आणि पुढची ओळ सुरू करायचे. तेवढ्या वेळात त्यांचे कान आमचे. एका घंटीला एक वाक्य. वाक्य लांबलं तर उरलेलं पुढच्या घंटीला.

दादा आणि मी टेबलाच्या कोपऱ्याशी उभे राहायचो, तोंड अर्धवट उघडं, नजर बाबांच्या डाव्या हातावर.

टिंग. "बाबा, याने माझी पेन्सिल मोडली."

टिंग. "आधी ती मला चावली."

टिंग. "खोटारडा."

यावर बाबा फक्त "हं" म्हणायचे. त्या 'हं'चे नाना प्रकार होते. होकाराचा वेगळा, नकाराचा वेगळा, 'आईला विचारा'चा वेगळा. आम्हाला ते सगळे कळायचे.

आई यात सगळ्यात तयार. दुधाचं उतू जाणं, नळाचं गळणं आणि मावशीचं येणं हे सगळं ती एका दमात, एका घंटीत बसवायची. आईबाबांचं भांडणसुद्धा असंच व्हायचं. साधं असलं तर अर्ध्या पानात मिटायचं, मावशीवरून असलं तर दीड पान चालायचं. पुढचं बोलायला ओळ संपायची वाट बघावी लागली की राग आपोआप निम्मा होतो, असं आई म्हणायची. मला ते कधीच जमलं नाही. माझं डोकं घंटीच्या आधीच फुटायचं. म्हणून बाबांनी माझं नाव ठिणगी ठेवलं, ते अजून चिकटून आहे.

संध्याकाळी काम संपलं की बाबा रद्दीतला एखादा कागद यंत्रात घालायचे. दोन्हीकडचे समास इतके आत ओढायचे, की मध्ये जेमतेम चार बोटं रुंद पट्टी उरायची. त्या पट्टीत काहीबाही टाइप करत बसायचे. ओळ सुरू झाली न झाली तोच घंटी व्हायची. विचारलं तर म्हणायचे, "सराव करतोय. सवय मोडायला नको." दिवसभर टाइप करणाऱ्या माणसाला संध्याकाळी कसला आलाय सराव, असं मला वाटायचं. आई शेजारी वाटाणे सोलत बसलेली असायची. आम्ही दोघं खेळायला पळायचो, त्यामुळे पुढचं काही मला माहीत नाही.

बाबा गेल्यावर टाइपरायटर विकायला आमच्यापैकी कुणाचा हात धजला नाही. दादाने तो आपल्या घरी नेऊन माळ्यावर ठेवला. आई माझ्याकडे आली.

वळणाचं पाणी वळणावर जातं म्हणतात, तशी मीही दिवसभर टाइपच करते. धुलाई यंत्रं, पंप, इस्त्र्या, हवा गार करणारी खोकी यांच्याबरोबर ज्या माहितीपुस्तिका येतात, त्यांचं भाषांतर करते. जगात कुणीही वाचत नाही असं वाङ्मय लिहून मी घर चालवते. घरातूनच काम, खिडकीखाली टेबल, त्यावर संगणक.

आईचं डोकं तोवर चाळणीसारखं झालं होतं. जुनं ठळक वर राहायचं, आजचं बारीक गळून जायचं. इथे आल्यावर पहिले कितीतरी दिवस ती जवळजवळ बोललीच नाही. नवं घर, नवी खिडकी, आणि ज्याच्याशी आयुष्यभर बोलली तो माणूस नाही. मग एक दिवस लिहायच्या प्रोग्राममध्ये उगाच इकडेतिकडे बघताना मला एक पर्याय सापडला, 'टाइपरायटरचा आवाज'. गंमत म्हणून चालू केला. प्रत्येक कळीला खट्, आणि ओळ संपली की टिंग; त्या टिंगला माझा डावा हात नकळत बाबांसारखा उजवीकडे जायचा.

मला हसू आलं. थोड्या वेळाने बघते तर आई चहाचा कप घेऊन दारात उभी.

"काय गं?" मी विचारलं.

तिने ओठांवर बोट ठेवलं. मला काही कळेना. मी पुन्हा लिहायला लागले. ओळ संपली. टिंग.

"अहो, चहा ठेवलाय, गार करू नका," आई म्हणाली, कप ठेवला आणि गेली.

खोलीत 'अहो' म्हणण्यासारखं दुसरं कुणी नव्हतं. पहिल्या दोन-चार वेळा मी सांगून पाहिलं, "आई, मी आहे गं." मोठ्यांच्या बोलण्यात मूल मध्येच बोललं की आपण जसं त्याच्याकडे बघतो, तशी ती माझ्याकडे बघायची. मग मी नाद सोडला आणि 'हं' म्हणायला शिकले. त्या दिवसापासून आई टेबलाच्या कोपऱ्याशी खुर्ची घेऊन बसायला लागली आणि घंटीगणिक बोलायला लागली. भूक लागली, गुडघा दुखतो, खिडकी लावा, मावशीचं काही कळलं का. कधी माझ्याशी, कधी त्यांच्याशी. ऐकताना माझे डोळे भरायचे, खोटं कशाला बोलू. पण पुस्तिका वेळेवर द्यायच्या असतात, आणि 'हं' म्हणायला डोळे लागत नाहीत.

अशी काही वर्षं सुखाने गेली.

मग एके सकाळी प्रोग्राम उघडला तर त्याचं रूपच पालटलेलं. सगळे कोपरे गोल, सगळे रंग फिकट, आणि वर एक चौकट: 'आम्ही तुमच्यासाठी सगळं अधिक सोपं केलं आहे!' माझ्यासाठी कुणी काही सोपं केलंय म्हटलं की मला आधीच धडकी भरते. लिहायला लागले, तर खट् नाही की टिंग नाही. सगळे पर्याय धुंडाळले. जिथे तो आवाज होता तिथे आता अक्षरांना गुलाबी सावली द्यायची सोय होती. त्या लोकांच्या सात पिढ्यांचा मी मनातल्या मनात उद्धार केला. पण एक धुलाई यंत्र दुपारपर्यंत द्यायचं होतं. बघू नंतर, म्हटलं.

आई त्या दिवशी काही बोलली नाही. दमली असेल, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशीही नाही. नेहमीसारखी येऊन खुर्चीवर बसायची, जेवणाच्या वेळेपर्यंत बसून राहायची, पण तोंडातून शब्द नाही. काही विचारलं तर ओठांवर बोट. तहान लागली सांगायची नाही, भूक लागली सांगायची नाही, त्यामुळे खाणंही कमी झालं. एकदा तर उन्हात बसून गाल लाल झाले तरी खिडकी लावा म्हणाली नाही.

आठवडे असेच गेले. डॉक्टरांनी तपासलं आणि चष्मा पुसत सांगितलं, "या आजारात वाचा हळूहळू जाते. मनाची तयारी ठेवा."

दादा आला. आई त्याच्याशीही बोलली नाही, नुसता त्याचा हात धरून बसली. दादा विम्याच्या कचेरीत आहे. संकट आलं की तो आधी जागा राखून ठेवतो, मग दुःख करतो. त्याने एक शुश्रूषागृह पाहून ठेवलं होतं. स्वच्छ, बाग असलेलं, परिचारिका असलेलं. पुढच्या महिन्यापासून खोली मिळत होती.

"तिथे माणसं असतात, ठिणगे," तो म्हणाला. "तू दिवसभर तिच्याकडे पाठ करून त्या डब्यात डोकं घालून बसतेस. ती बोलणार तरी कुणाशी?"

हे मला फार लागलं. पण मी भांडले नाही. मी भांडत नाही म्हणजे मी हरलेय, हे दादाला लहानपणापासून ठाऊक आहे. "बॅग मी भरून ठेवीन," एवढंच म्हटलं.

जायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. एका पंपाची पुस्तिका चालली होती. वीज गेली, पडदा काळा झाला आणि त्या काळ्या काचेत मला माझ्या मागचं दिसलं. आई टेबलाच्या कोपऱ्याशी बसली होती. तोंड अर्धवट उघडं, नजर माझ्या डाव्या हातावर.

ती बसण्याची तऱ्हा मला ओळखीची होती. माझं सगळं बालपण मी तशीच उभी होते.

आईची वाचा गेली नव्हती. ती पाळी यायची वाट बघत होती. इतके आठवडे ती नियमाने, शहाण्यासारखी घंटीची वाट बघत होती आणि माझी ओळ काही संपत नव्हती. मी तिथेच टेबलावर डोकं टेकून रडले. आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला, पण बोलली नाही. घंटी कुठे झाली होती?

वीज आल्या आल्या मी कंपनीला फोन लावला. आधी एक यंत्र बोललं, मग दुसरं यंत्र, मग एक मुलगी, आणि मी काही केल्या फोन ठेवत नाही म्हटल्यावर शेवटी प्रोग्राम बनवणाऱ्यांपैकी एक जण आला. आवाजावरून तरुण होता, आणि बोलायला गोड. अशा माणसावर ओरडता येत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा दोष.

"तो आवाज आम्ही काढला, मॅडम," तो म्हणाला. "कुणी वापरत नव्हतं."

"कुणी म्हणजे कोण? मी रोज वापरत होते."

त्याने माझं खातं उघडून बघितलं. "तुम्ही तो पर्याय पूर्वी एकदा चालू केलाय. नंतर त्याला हातही लावलेला नाही."

"चालूच होता, तर हात कशाला लावू?"

"आमची मोजणी तशी असते. लोक कुठे जाऊन काय दाबतात, ते मोजतो. जिथे कुणी दाबत नाही, ते..."

"अहो, तुमच्या घराला पाया आहे ना? शेवटचा हात कधी लावलात त्याला?"

मग त्याने विचारलं, "पण तो आवाज नक्की कशासाठी लागत होता तुम्हाला?" मी सांगितलं. बाबा, कार्बन, आई, सगळं. तो मध्ये एकदाही बोलला नाही. शेवटी म्हणाला, "मॅडम, आम्ही त्याला सजावट समजत होतो." जुनी आवृत्ती परत मिळणार नव्हती. ती मिळाली असती तरी तिच्यात गिऱ्हाइकांच्या नव्या फायली उघडल्या नसत्या. "पुढच्या वेळेसाठी वर सांगून बघतो," म्हणाला, आणि त्याच्या आवाजावरून वाटलं की खरंच सांगेल. पण आईची बॅग पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबणार नव्हती.

मग मी माझे उपाय सुरू केले. मोबाइलमध्ये घंटीचे आवाज शोधले. पहिला वाजवला तर आई उठून दार उघडायला गेली. दुसऱ्याला तिने शेगडीकडे बघितलं. पेल्यावर चमचा वाजवला तर पेला उचलून पाणी प्यायली. शेवटी मी तोंडानेच "टिंग" म्हटलं. तिने माझ्याकडे अशी काही कीव करून बघितलं, की आमच्या दोघींपैकी डॉक्टरांची गरज कुणाला आहे असा मलाच प्रश्न पडला.

दादाला फोनवर सगळं सांगितलं. तो हळूच म्हणाला, "ठिणगे, तुला तसं वाटावंसं वाटतंय."

"मग तो टाइपरायटर घेऊन ये, आणि काय ते बघ."

"गंजलाय गं तो. एक कळ हलत नाही."

"मला कळ नकोय. घंटी हवीय."

आईला न्यायच्या दिवशी सकाळी दादा आला. बॅग दाराशी होती. एका हाताने छाती धरून, दुसऱ्या हाताने ते अवजड धूड पोटाशी कवटाळून तो जिना चढून आला होता. टाइपरायटर जमिनीवर ठेवला आणि पाठ सरळ करायला त्याला थोडा वेळ लागला. खरंच सगळं गंजलं होतं. कागद धरणारी गाडी जागची हलत नव्हती. पण मागच्या बाजूने बोट घालून टिचकी मारली तर आतून आवाज आला. बारीक, स्वच्छ, थोडासा चिडका.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

पेचकस धरायची दादाला सवय नाही. बोट कापून घेतलं, यंत्राला दोन शिव्या दिल्या, एक मला दिली. पण शेवटी घंटीची पितळी वाटी त्याने सोडवली आणि माझ्या टेबलाच्या डाव्या कडेला स्क्रूने बसवली. आईला मी खुर्चीवर बसवलं आणि लिहायला बसले. 'गाळणी नियमित स्वच्छ करावी. पंप पाण्याशिवाय चालू ठेवू नये.' ओळ संपली. डाव्या हाताने पेन्सिल उचलून मी वाटीवर मारली. टिंग.

आईने मान वर केली. डोळे माझ्या हातावर आले. पण ती बोलली नाही.

दादाने मान खाली घातली. बॅग दिसत होती.

"हात," दादा एकदम म्हणाला. "हात कुठे ढकललास? बाबा दांडी ढकलायचे."

मी पुढची ओळ लिहिली. टिंग. आणि डावा हात उचलून, जिथे काहीच नव्हतं तिथे, उजवीकडे ढकलला.

"अहो," आई म्हणाली. आवाज न वापरल्यामुळे खरखरीत झाला होता. "ती पोरगी सकाळपासून बसलीय, तिला कुणीतरी जेवायला उठवा."

मला 'हं' म्हणायचं होतं. म्हणजे बाबांच्या वतीने म्हणायचं होतं. म्हटलं. भराभर पुढची ओळ लिहिली. पंपाचं काय लिहिलं, देव जाणे.

टिंग. "चिडते फार. पण माझ्या हाताशी पाणी ठेवल्याशिवाय कामाला बसत नाही."

टिंग. "दादा हल्ली दमल्यासारखा दिसतो, त्याला म्हणावं जिना हळू चढ."

टिंग. "अहो, दाराशी बॅग कुणाची? कुणी निघालंय का?"

मी वळून दादाकडे बघितलं. पांढऱ्या केसांचा, चष्मेवाला, विम्याच्या कचेरीत साहेब असलेला माझा भाऊ टेबलाच्या कोपऱ्याशी उभा होता. तोंड अर्धवट उघडं. नजर माझ्या डाव्या हातावर. मी जमेल तितकी घाई करून ती ओळ संपवली.

टिंग. "कुणी कुठे जात नाही आई, त्या लोकांना मी आत्ताच कळवतो," दादा एका वाक्यात म्हणाला आणि खिशातून फोन काढत गॅलरीत गेला. तिथून त्याचं नाक ओढणं ऐकू येत होतं.

आईकडे इतक्या आठवड्यांचं साठलेलं होतं. एक वाक्य झालं की ती पुढचं तयार ठेवायची आणि माझी ओळ संपेपर्यंत ओठ मिटून बसायची. पडदा रुंद, ओळी लांब. तिला तेवढंही थांबवणं माझ्याच्याने होईना. मग मी पंपाची पुस्तिका बंद केली, नवा कोरा कागद उघडला, आणि दोन्हीकडचे समास आत ओढले. आणखी ओढले. मध्ये चार बोटं रुंद पट्टी उरली. लिहायला काही नव्हतं, म्हणून त्या पट्टीत काहीबाही टाइप करत सुटले. ओळ सुरू झाली न झाली तोच संपायची.

आणि मग माझी बोटं कळांवर तशीच राहिली. दिवसभर टाइप करून थकलेले बाबा, रद्दीतला कागद, आणि शेजारी वाटाणे सोलत बसलेली आई.

मी घंटी वाजवली. हात उजवीकडे ढकलला.

आई खुर्ची ओढून जवळ सरकली. "अहो," ती म्हणाली, "आज दिवसाउजेडीच सरावाला बसलात?"

"हं," मी म्हटलं.